फोनवरच्या मॅडम

मॅडम वर्गात मॅडम असायच्या, फोनवर मात्र कुणीही असायच्या.

संध्याकाळी साधारण सव्वासहाला अनोळखी नंबरवरून फोन यायचा. उचलला की थरथरत्या आवाजात एक म्हातारी सुरू व्हायची, "हॅलो, मी मिसेस डिसोझा. माझा इंटरनेट सकाळपासून आला नाही. दूधवाला आला, पेपरवाला आला, इंटरनेट कुठे राहिला?" पुढचा फोन एखाद्या साखर कारखान्याच्या चेअरमनचा असायचा. "पासवर्ड विसरलोय आम्ही. पटकन सांगा, मीटिंगला बसलोय." साहेब, तुमचा पासवर्ड मला कसा माहीत असणार, असं म्हटलं की चेअरमन खवळायचे. "मग तुम्हाला माहीत काय असतं? आमच्या ड्रायव्हरला माहीत असतो!"

हे सगळं मॅडम स्वतः करायच्या, आणि त्याला मार्क असायचे. पन्नासपैकी वीस.

मी पिंपरीतल्या एका कॉलेजात आयटी टेक्निकल सपोर्टचा एक वर्षाचा डिप्लोमा करत होते. लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की त्यांनी फोन करायचा आणि आपण ते दुरुस्त करून द्यायचे, असं ते काम. कॉलेजच्या जाहिरातीत काचेच्या इमारती होत्या आणि हेडफोन लावून हसणाऱ्या मुली होत्या. प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावर एक लॅब होती. तिच्यात बारा कॉम्प्युटर, त्यांतले सात चालू. एक सर आठवड्यातून दोनदा येऊन हार्डवेअर शिकवायचे. उरलेले सगळे तास मॅडमचे. विषय होता 'कस्टमर हँडलिंग'.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक जुन्या पद्धतीचा टेलिफोन काढला, गोल डायलचा, वेटोळ्या वायरीसकट. चित्र चांगलं होतं. मग हात झटकून म्हणाल्या, "कॉम्प्युटर माझा विषय नाही. तो सरांचा. कॉम्प्युटरसमोर बसून बोंबलणारा माणूस माझा विषय."

माझ्या शेजारी प्रज्ञा बसली होती. ती संत तुकाराम नगरातच राहायची आणि तिला मॅडमबद्दल आधीच माहिती होती. ती हळूच म्हणाली, "भोसरीच्या एका कंपनीत बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. सगळ्यांकडे मोबाइल आल्यावर कंपनीनं फोन जोडायचा बोर्ड काढला, मग ही पण निघाली."

म्हणजे आम्हाला भविष्य शिकवायला ज्या बाई आल्या होत्या त्यांचंच काम जगातून संपलेलं होतं. हे आम्हाला फार विनोदी वाटलं. आम्ही त्यांना पाठीमागे 'ऑपरेटर' म्हणायला लागलो.

मला हिंजवडीतल्या आयटी कंपनीत नोकरी हवी होती. आम्ही कुरुळीला राहतो, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. वडील मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. आई गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते, उभ्यानं, आठ तास. घरी माझं ठरलं होतं, एक वर्ष शिक. नोकरी लागली तर ठीक, नाही तर आईच्या लाइनवर यायचं. आईनं सुपरवायझरच्या कानावर आधीच घालून ठेवलं होतं. तिचा शिक्षणावर विश्वास होता, पण हाताशी एक जागा असलेली बरी असं तिचं मत होतं.

मॅडमच्या सवयी सांगायच्या तर रोज पिन लावलेली साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि बोलण्याआधी घसा खाकरणं, जणू लाइन तपासताहेत. 'काइंडली' हा शब्द त्यांच्या तोंडाला चिकटलेला होता. काइंडली पंखा लाव. काइंडली गप्प बस. 'बेसिकली' म्हणणाऱ्याला त्या तिथंच थांबवायच्या. "बेसिकली म्हणजे पुढचं येत नाही." 'सॉरी'वर तर बंदीच होती. "सॉरी म्हणजे फोन ठेवायची घाई. ग्राहकाला तुमची सॉरी नको असते, त्याचं काम हवं असतं."

आणि त्या साऱ्या जगाशी तक्रार खिडकीवर उभ्या असल्यासारख्या बोलायच्या. शिपायानं गार चहा आणला की त्याच्यावर ओरडायच्या नाहीत. शांतपणे विचारायच्या, "माझी तक्रार नोंदवून घेतलीत का? नंबर काय पडला?" शिपाई मुरलेला होता. कप उचलून "बारा" म्हणायचा आणि जायचा. चहा दुसऱ्या दिवशीही गारच यायचा, नंबरही बाराच.

फोनसाठी त्यांच्याकडे तीन सिमकार्डं होती. ती ओळखीची झाली तेव्हा त्या शेजारणीचा, मेडिकलवाल्याचा, कुणाचाही फोन मागून घ्यायला लागल्या. एकदा मिसेस डिसोझा वांद्र्याहून बोलत होत्या आणि मागे रसवंतीची घुंगरं वाजत होती. पण आम्हाला कुठलं लक्षात यायला! आम्ही 'रीस्टार्ट करून बघा' या वाक्यावर अडकलेले असायचो.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर निघायचं. लाल शाईनं प्रत्येक फोनची नोंद. 'तिसऱ्या रिंगला उचलला. बरं.' 'ग्राहक रडत असताना विद्यार्थी हसला.' माझ्या नावापुढे एकदा होतं, 'ग्राहक बोलत असताना विद्यार्थिनी काहीतरी चावत होती. बहुधा शेंगदाणे.' शेंगदाणेच होते.

प्रिंटरचा किस्सा आमच्या बॅचमध्ये गाजला. प्राचार्यांच्या खोलीतला प्रिंटर अडला होता. मॅडमना ही संधी वाटली. त्या प्रिंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला लॅबमध्ये बसवून फोन लावला. न बघता, न हात लावता, नुसतं बोलून दुरुस्त करायचा.

"मॅडम, प्रिंटरवर दिवा लागलाय का?"

"मी मॅडम नाही. मी मिसेस डिसोझा. कुठला दिवा?"

"समोर, डाव्या बाजूला."

"माझी डावी की त्याची डावी?"

मी स्वतःचाच डावा हात वर करून पाहिला. कारण खरंच, कुणाची?

"मागचं झाकण उघडा," मी म्हटलं.

"मागे भिंत आहे."

"मग प्रिंटर पुढे ओढा."

"मी बासष्ट वर्षांची आहे, डॉक्टरांनी ओढायला मनाई केलीय. तुम्ही माझं वय विचारलंत का?"

असं चाळीस मिनिटं चाललं. प्राचार्यांच्या समोर एक पालक बोनाफाइड सर्टिफिकेटसाठी ताटकळत बसला होता. शेवटी त्याचाच धीर सुटला. तो उठला, झाकण उघडलं, अडकलेला कागद ओढून काढला आणि प्रिंटर चालू झाला. मॅडम त्याच्यावर उखडल्या. "कॉल चालू असताना मध्ये हात घालायचा नसतो!" त्या पालकाला अजूनही कळलं नसेल की त्याचं नेमकं काय चुकलं.

मला दहापैकी चार मिळाले. शेरा : 'बिघाड तिऱ्हाइताने दूर केला.' वर्गात सगळे हसत होते तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लोक खोटं बोलत नाहीत गं. त्यांना वस्तूंची नावं माहीत नसतात, म्हणून चिडतात. तू नावं घेत सुटलीस." हे मी तेव्हा लिहूनही घेतलं नाही.

त्याच तासाला कुणीतरी विचारलं, "मॅडम, फोनवर आम्ही तुम्हाला ओळखलं तर?"

मॅडमनी खुर्चीत पाठ ताठ केली. "तर तिथल्या तिथे सांगायचं. दहापैकी दहा. पण अजून ओळखणारा जन्माला यायचाय."

ते दहा मार्क माझ्या डोक्यात बसले. माझी सरासरी साडेचारची होती.

कोर्स संपायला दीड महिना राहिला तेव्हा हिंजवडीच्या एका कंपनीनं आमच्या कॉलेजकडून अर्ज मागवले. आम्ही सगळ्यांनी भरले. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला. लँडलाइनचा नंबर. बारीक, चढा आवाज. "गुड आफ्टरनून, मी एचआरमधून बोलतेय. तुमचा अर्ज शॉर्टलिस्ट झालाय. काइंडली कन्फर्म कराल का, गुरुवारी अकराला इंटरव्ह्यूला येऊ शकाल?"

काइंडली!

"पकडलं!" मी गच्चीवर ओरडले. "मॅडम, लिहा दहापैकी दहा. काइंडली लिहा."

 मग, "सॉरी?"

"आणि हा आवाज काढू नका हां परत. दारात मांजराची शेपटी अडकल्यासारखा येतोय. त्यापेक्षा चेअरमन बरे होते."

"एक्सक्यूज मी, तुम्हाला कळतंय का तुम्ही कोणाशी..."

"कळलं म्हणून तर सांगतेय. आता चहा प्या, नाही तर घसा बसेल." आणि मी फोन ठेवला. मी इतकी खूश होते की उरलेले कपडे गाणं म्हणत वाळत घातले.

पाव तासानं प्रज्ञाचा फोन आला. "ए, तुला आला का गं कॉल? गुरुवारी अकराला म्हणाली. कसला पातळ आवाज होता ना तिचा?"

फोन खरा होता. त्या नंबरवर परत फोन लावला तर मशीन बोलायला लागलं, एक्स्टेन्शन डायल करा. मला एक्स्टेन्शन कुठून माहीत असणार! माफीची मेल पाठवली. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. अर्ज बंद करण्यात आला आहे. कारण, संभाषणातील वर्तन.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं, वर्गातच, कारण त्यांना बाहेर बोलावून सांगण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मांजर म्हणालीस?"

"शेपटी अडकलेलं," मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर उघडलं. "ग्राहकाच्या आवाजावर टिप्पणी. ग्राहकाचं बोलणं तोडलं. फोन आधी ठेवला. शून्य."

"मॅडम, ती ग्राहक नव्हती! माझी नोकरी होती ती!"

"नोकरी देणारा सगळ्यात मोठा ग्राहक," असं म्हणून त्या फळ्याकडे वळल्या आणि 'काय काय चुकलं?' असं लिहून मुलांना हात वर करायला सांगितलं. सात मुद्दे निघाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. माझी नोकरी गेली आणि वर्गाला परीक्षेसाठी एक चांगलं उदाहरण मिळालं.

घरी मी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "सुपरवायझर मनला, परीक्षा झाली की पोरगी पाठवा, जागा निघालीय." तेव्हा मला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. वडील जेवत होते. ते फार बोलणारे नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि मशीनचा बिघाड विचारावा तसं एकेक विचारत गेले.

"फोन करायच्या आधी सांगत न्हाईत?"

"नाही."

"नंबर बी येगळा?"

"दर वेळी वेगळा."

"आन् वळखलं की मार्क?"

"दहापैकी दहा."

"बरं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांची दुसरी शिफ्ट होती. दुपारी बारा वाजता ते कॉलेजात आले, कंपनीच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. माझ्या कुठल्याच शाळेत ते कधी आले नव्हते. वर्गाच्या दारात त्यांनी सेफ्टी शूज काढायला घेतले. ते गुडघ्यावर बसून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडत होते आणि सगळा वर्ग बघत होता. मला वाटलं जमिनीत जावं. मग ते मोज्यांवर आत आले.

"या, बसा," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, शिफ्ट हाय. एकच इचारायचं होतं. मॅडम, आमच्या कंपनीत आगीचं ड्रिल असतंय. सहा महिन्याला एकदा. आदल्या दिवशी बोर्डावर लिहितेत, उद्या भोंगा वाजंल, खोटा हाय. तरी आमी पळतो. तुमी आठवड्याला तीनदा भोंगा वाजवता, आन् सांगत बी न्हाई. वर मनता, खोटा हाय हे वळखलं तर बक्षीस. मग खऱ्या आगीला पोरगी हासली, तर ती कुणी शिकवली?"

मॅडमनी घसा खाकरला. "हे बघा, ग्राहकानं..."

"ग्राहक न्हाई मी. बाप हाय."

मॅडम उघड्या रजिस्टरवर हात ठेवून बसून राहिल्या. वडील दारात जाऊन पुन्हा नाड्या बांधायला बसले. दोन्ही बुटांना मिळून दोनेक मिनिटं गेली असतील. ते गेल्यावर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या नऊ वाजता बस स्टॉपवर ये. फाइल घेऊन. हिंजवडीला जाऊ."

हिंजवडीला पोचायला आम्हाला अडीच तास लागले. शेवटचा टप्पा कंपन्यांच्या कॅबच्या गर्दीत चेपून उभ्या असलेल्या बसमध्ये गेला. गेटवरच्या वॉचमननं अपॉइंटमेंट विचारली. मॅडमना तर भलताच आत्मविश्वास होता. फोनवरून त्या कुणापर्यंतही पोचू शकतात, असं त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी वॉचमनकडून इंटरकॉम मागून घेतला, ऑपरेटरसाठी नऊ दाबलं, आणि पदर सावरून आवाज लावला, "गुड मॉर्निंग. काइंडली कनेक्ट मी टू..."

पलीकडचा आवाज त्यांचं न ऐकता बोलत राहिला. विक्रीसाठी एक दाबा, इतर चौकशीसाठी दोन दाबा.

"बाई, काइंडली माझं ऐकून घ्या," मॅडम म्हणाल्या.

मेन्यू पुन्हा ऐकण्यासाठी स्टार दाबा.

"मॅडमजी, वो मशीन है," वॉचमन म्हणाला.

"मशीन असलं म्हणून काय झालं? समोरचा बोलतोय तर थांबायला नको?" मॅडम अजून रिसीव्हर धरून होत्या. मला मनापासून हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही. शेवटी वॉचमनलाच आमचा कंटाळा आला आणि त्यानं आपल्या मोबाइलवरून रिसेप्शनला कळवलं.

वीस मिनिटांनी एचआरची बाई लॉबीत आली. बाई कसली, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी मुलगी, पायात पांढरे बूट. मी नाव सांगितल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. "मांजर? तो कॉल तुझा?" आवाज खरोखरच तसा होता. "अगं, रेकॉर्डिंग आमच्या आख्ख्या फ्लोअरनं ऐकलंय!"

मॅडमनी घडलेलं सगळं सांगितलं. चूक या मुलीची नाही, पद्धत माझी होती, हे त्या स्पष्ट बोलल्या, एवढं मान्य करायला हवं. पण ती मुलगी दुसऱ्याच गोष्टीत अडकली. "म्हणजे तुम्ही स्वतः आवाज काढता? काढून दाखवा ना."

आणि मॅडमनी काढून दाखवला. मिसेस डिसोझांचा इंटरनेट दूधवाल्यामागून आला नाही. चेअरमन खवळले. लॉबीतली माणसं थांबायला लागली. कुणीतरी वरून आणखी दोघांना बोलावलं. टाळ्या पडल्या. मॅडमच्या गालांवर रंग चढला होता. इतका वेळ मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून कुंडीशेजारी उभी होते.

"तुझं बघ, लिस्ट कालच बंद झालीय," ती मुलगी मला म्हणाली, अगदी गोड आवाजात. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "पण तुम्ही तुमचा नंबर द्या. आमच्या नवीन मुलांना कॉलचं ट्रेनिंग देणारं कुणीतरी आम्ही शोधतोच आहोत. याल?"

मॅडमना विचार करायला किती वेळ लागला? मी बघत होते. घसा खाकरायला लागतो तेवढा. "कॅब मिळेल का?" त्यांनी विचारलं.

परतीची बस वाकडच्या अलीकडे अडकली. आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली होती. शेवटी मला राहवेना.

"तुम्ही तिथं कुणासाठी गेला होतात? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग मिळालं कुणाला?" आणि मी सुरूच झाले. तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही, फोन कसा असतो तेही आता माहीत नाही, मशीनशी भांडता. आम्ही फी भरून तुमच्या नकला ऐकत होतो. पूर्ण वर्ग तुम्हाला ऑपरेटर म्हणतो. माझे वडील मोज्यांवर उभे राहिले तुमच्यासमोर. परीक्षा झाली की मी वायरी तपासायला जाणार आहे आणि तुम्ही कॅबमधून याल. पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून बघायला लागला तरी मी थांबले नाही.

मॅडमनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "झालं?"

"नाही."

"बोल मग."

पण माझं सगळं बोलून झालं होतं. बस एक हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. खिडकीकडे बघत, पण ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. "तुझ्या वडिलांना पण सांग. त्यांचं बरोबर होतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण ट्रेनरचं काम मी सोडणार नाही. कंपनीनं बोर्ड काढला ना, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सकाळी गेले तर टेबल रिकामं. त्यानंतर कुणी आपणहून बोलावलं, ते आज."

मी फाइल उघडून सर्टिफिकेटं पुन्हा नीट लावायला घेतली. 

महिनाअखेरीला त्या कॉलेज सोडून गेल्या. जायच्या आधी अंतर्गत मार्क लावून गेल्या. मला वीसपैकी आठ. मी हिशेब करून पाहिला, मांजराचं शून्य त्यात धरलेलं होतं. इतर कुणी असतं तर निदान लाजेखातर ते एक शून्य खोडलं असतं. उरलेले तास एका नव्या सरांनी घेतले. ते स्लाइड लावायचे आणि त्या आमच्याबरोबर पहिल्यांदाच वाचायचे.

परीक्षेनंतरच्या सोमवारी मी आईबरोबर वायरिंगच्या लाइनवर गेले. सात आठवडे उभी राहिले. मधल्या काळात मॅडमना दोनतीनदा मेसेज केला, तुमच्या कंपनीत काही निघालं तर सांगा. उत्तर यायचं, 'विनंती नोंदवली आहे.' मी चिडून त्यांचं नाव फोनमधून काढून टाकलं. मग चाकणमधल्याच एका कंपनीत आयटी हेल्पडेस्कची जागा निघाली. इंटरव्ह्यूत दोनच प्रश्न. शिफ्ट चालतील का, आणि लोक ओरडले तर रडणार तर नाही ना. पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला हसले. वडिलांनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. आईनं सुपरवायझरला माझा निरोप स्वतः सांगितला, नको तितक्या मोठ्यानं.

नोकरीला चार महिने झाले असतील. एका शनिवारी दुपारी फोन आला. एक बाई, खालच्या, थकलेल्या आवाजात, जरा अडखळत. "फ्री आहेस का?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी कोण?"

"मी. कॉलेजातली." त्यांचा स्वतःचा आवाज फोनवर मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हिंजवडीच्या कंपनीनं त्यांना लॅपटॉप दिला होता. प्रत्येक मुलाचा रिपोर्ट त्यावर भरायचा, तक्ते करायचे, वेळेत पाठवायचे. लाल शाईचं रजिस्टर तिथं चालत नव्हतं. आत्तापर्यंत एक मुलगा त्यांचं काम करून द्यायचा, तो सोडून गेला. त्यांची नोकरी कायम करायची की नाही हे महिन्याभरात ठरणार होतं. "कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "रविवारी घरी येशील?"

नाही म्हणायला माझ्याकडे भरपूर कारणं होती. मी ती बसमध्ये सगळी मोजली आणि संत तुकाराम नगरला उतरले.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हे गृहस्थ तीस वर्षं कारखान्यातल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते, त्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान गेलेत. कानाला यंत्र आहे, पण ते बंद करून ठेवतात, पेपर वाचताना त्रास होतो म्हणे. मॅडम स्वयंपाकघरातून त्यांना काहीतरी म्हणाल्या, मग तेच पुन्हा म्हणाल्या, मग बाहेर येऊन खुणेनं खुर्ची दाखवली. ते पेपर घेऊन बसले. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, खाली क्रोशाचा रुमाल घातलेला.

मॅडमइतका वाईट विद्यार्थी मी पाहिलेला नाही. फाइल कुठं ठेवलीत विचारलं तर म्हणायच्या, "इथंच तर होती, तू आल्यावर गेली." मी माऊसला हात लावला की माझ्या बोटांवर चापट. "हात लावायचा नाही, तोंडानं सांग." मी तोंडानं सांगितलं की म्हणायच्या, सावकाश. सावकाश सांगितलं की म्हणायच्या, मी काय लहान आहे? तिसऱ्यांदा सगळा तक्ता उडवला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की यजमानांनीसुद्धा पेपर खाली केला. मॅडमनी पेन उचलून वहीत लिहिलं, 'आधी सेव्ह', आणि खाली दोन रेघा मारल्या.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी मी पोचले तेव्हा त्यांनी लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता, आणि पडद्यावर कंपनीची मेल होती. वाच म्हणाल्या. मी वाचली. नोकरी कायम झाली होती.

"झालं की मॅडम," मी म्हटलं. "अभिनंदन."

"तू फार वाईट शिकवतेस," त्या म्हणाल्या. "किती चिडतेस. नावं घेत सुटतेस." मग खुर्ची ओढून त्यांनी वही पुढे घेतली, चष्मा लावला. "बस. एक्सेलमधली सूत्रं राहिलीत. आणि पुढच्या रविवारी लवकर ये."